टाचेच्या रक्ताची साक्ष

प्रस्तावना

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत जुलै २००० ते सप्टेंबर २००१ या काळात जी बाळे जन्मली, त्यांच्या टाचेला पहिल्या एक-दोन दिवसांत रिवाजाप्रमाणे बारीकशी टोच दिली गेली. परिचारिकेने रक्ताचे थेंब जाड गाळणकागदावर छापलेल्या गोलांत टिपले, कागद आडवा ठेवून वाळवला आणि तो तपासणीच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाला. तिथे फेनिलकीटोन्युरिया, थायरॉइडची जन्मजात कमतरता अशा आजारांची चाचणी झाली आणि उरलेले डाग शीतपेटीत गेले. पुढे काही वर्षांनी यांतल्या काही मुलांना स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे निदान झाले. तोवर मुले चालू लागली होती, काही बोलू लागली होती, काही बोलत नव्हती. त्यांचे जन्मानंतर लगेचचे रक्त मात्र शाबूत होते. संशोधकांनी ते बाहेर काढले. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

नवजात बाळाच्या रक्तात प्रतिकारयंत्रणेच्या ज्या खुणा सापडतात, त्यांचा पुढच्या स्वमग्नतेशी काही संबंध आहे का, हा तो विषय. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिका, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे इथल्या संशोधकांनी हा प्रश्न धसाला लावला आहे. त्यांच्या कामाचे सार दोन वाक्यांत सांगता येते. मोठ्या गटांची तुलना केली की फरक दिसतो. एका बाळाच्या रक्तावरून त्या बाळाचे पुढे काय होईल, हे सांगता येत नाही. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. पहिले लक्षात ठेवून दुसरे विसरले की पालकांची फसगत होते, आणि दुसऱ्याचा धसका घेऊन पहिले नाकारले की एका मोलाच्या संशोधनावर अन्याय होतो. ही दोन वाक्ये वाचकाच्या मनात शेजारी-शेजारी नांदावीत, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

बाळाचे रक्त कागदावर टिपून ठेवायची रीत रूढ केली ती रॉबर्ट गथ्री यांनी. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात ते संशोधन करत. त्यांचा स्वतःचा एक मुलगा बौद्धिक अपंगत्व असलेला होता आणि नात्यातल्या एका मुलीला फेनिलकीटोन्युरिया होता. हा आजार जन्मतःच कळला तर आहार बदलून मेंदूची हानी टाळता येते. निदानाला उशीर झाला तर झालेली हानी भरून येत नाही. गथ्रींनी वाळलेल्या थेंबावर करता येईल अशी स्वस्त चाचणी शोधली आणि १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ती सक्तीची केली. पुढे ही पद्धत देशोदेशी गेली. कागद पोस्टाने जातो, जागा खात नाही, वर्षानुवर्षे टिकतो. डेन्मार्कने तर १९८२ पासून देशात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचा कागद उणे २० अंशांत जपून ठेवला आहे. स्वमग्नतेचा अभ्यास करायचा म्हणून हा साठा कोणी केला नव्हता. तो आयता हाती आला आणि त्यामुळे एक जुनी अडचण दूर झाली.

अडचण अशी होती. स्वमग्न मुलांच्या रक्तात दाहाची लक्षणे दिसतात, असे पूर्वीही अनेकांनी नोंदवले होते. पण ते रक्त निदान झाल्यानंतरचे, म्हणजे चार, सहा, दहा वर्षांच्या मुलांचे. तोवर त्या मुलाचे खाणे मोजक्या चार पदार्थांवर आलेले असते, झोप मोडलेली असते, पोटाच्या तक्रारी असतात, कधी औषधे सुरू असतात. यातली प्रत्येक गोष्ट प्रतिकारयंत्रणेवर आपला ठसा उमटवते. मग रक्तातला फरक आधीचा की नंतरचा, हे ठरवणार कसे? दुसऱ्या दिवशीच्या रक्ताला ही बाधा नाही. त्या दिवशी मूल फक्त जन्मलेले असते. त्या रक्तात काही वेगळे असेल, तर त्याचे मूळ गर्भारपणात, बाळंतपणात किंवा बाळाच्या स्वतःच्या जडणघडणीत शोधायला हवे.

मोजणी कशी होते हे एकदा जवळून पाहिले की निष्कर्षांकडे पाहायची नजरही तयार होते. डागातून सुमारे ३ मिलिमीटर व्यासाची चकती पाडतात. तिच्यात रक्त असते जेमतेम ३ मायक्रोलिटर. ती द्रावणात भिजवून रक्तातली प्रथिने सोडवून घेतात आणि त्यात रंगांच्या खुणा असलेले सूक्ष्म मणी सोडतात. प्रत्येक रंगाच्या मण्यावर एकेका रेणूला पकडणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात, आणि कोणत्या मण्याला किती रेणू चिकटले ते लेझरच्या प्रकाशात वाचले जाते. जे मोजायचे ते असते सायटोकाइन आणि केमोकाइन या गटांतले. प्रतिकारपेशी एकमेकींना निरोप धाडतात तो या रेणूंच्या मार्फत: दाह वाढवा, आवरा, अमुक पेशींना इकडे बोलवा. यांचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये सांगतात आणि पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या अल्प मात्रेत, अनेक वर्षे साठवलेल्या कागदावर, प्रयोगशाळेगणिक आकडे बदलले तर नवल नाही.

प्रतिकारयंत्रणेवर संशय येण्याचे कारण काय, हेही आधी सांगायला हवे. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि सुमारे २० हजार बाळे जन्मजात रुबेलाची झळ घेऊन जन्मली. न्यूयॉर्कमधल्या बालमानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी अशा २४३ मुलांचा अभ्यास करून १९७१ मध्ये दाखवले, की त्यांच्यात स्वमग्नतेचे प्रमाण इतर मुलांच्या कितीतरी पट आहे. गर्भारपणातला संसर्ग आणि स्वमग्नता यांची ती पहिली ठोस गाठ. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी निधन पावलेल्या ११ स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी केली, तेव्हा मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशी चेतवलेल्या अवस्थेत आढळल्या. २००७ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या पॉल पॅटरसन यांच्या गटाने गाभण उंदरिणींना इंटरल्यूकिन-६ या एकाच सायटोकाइनचे इंजेक्शन दिले. जंतू नव्हता, संसर्ग नव्हता. तरीही पिल्लांची वागणूक बदलली. २०१६ मध्ये ग्लोरिया चोई आणि जून हू यांच्या गटांनी उंदरांमध्येच अशा बदलांमागची इंटरल्यूकिन-१७ची भूमिका उलगडली.

हे रेणू मेंदूपर्यंत का पोचावेत, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर असे, की वाढत्या मेंदूला ते परके नाहीत. मायक्रोग्लिया फक्त जंतूंची वाट पाहत बसत नाहीत. मेंदूतल्या जोडण्यांपैकी कोणती ठेवायची आणि कोणती काढायची, या कामातही त्यांचा हात असतो. केमोकाइनच्या खुणांवरून चेतापेशी गर्भावस्थेत आपापल्या जागी सरकतात. प्रतिकाराचे आणि मेंदूबांधणीचे सामान पुष्कळसे सामाईक आहे. म्हणून एकीकडे झालेली उलथापालथ दुसरीकडे जाणवू शकते. उंदराची वागणूक म्हणजे माणसाची स्वमग्नता नव्हे, हे ध्यानात ठेवून हा पुरावा वाचायचा.

आता मूळ अभ्यासांकडे येऊ. ऑरेंज काउंटीतल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेली ८४ मुले, विकास मंदावलेली ४९ मुले आणि सर्वसाधारण लोकसंख्येतली १५९ मुले, अशी ती तुलना होती. स्वमग्न गटाच्या नवजात रक्तात एमसीपी-१ हा केमोकाइन जास्त आढळला आणि रँटेस हा कमी. कॅलिफोर्नियातच दुसऱ्या एका पाहणीतल्या २१४ स्वमग्न मुलांचे डाग तपासले गेले. २०१७ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत इंटरल्यूकिन-४ची वाढलेली पातळी तीव्र स्वमग्नतेशी आणि इंटरल्यूकिन-१ बीटाची सौम्य ते मध्यम स्वमग्नतेशी जोडलेली दिसली. २०१९ मध्ये याच राज्यातल्या अधिक मोठ्या नमुन्यात इंटरल्यूकिन-६ आणि ८ पुढे आले. डेन्मार्कच्या साठ्यावर २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासाने मात्र वेगळेच चित्र दाखवले: तिथे बऱ्याच सायटोकाइनची पातळी कमी होती, जणू प्रतिकारयंत्रणा मंद होती. स्टॉकहोममध्ये रेनी गार्डनर आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक स्वमग्न व्यक्तींचे डाग तपासून २०२० मध्ये सांगितले, की सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन या दाहाच्या खुणेची पातळी सर्वांत जास्त असलेल्या गटात स्वमग्नतेची शक्यता वाढलेली दिसते. हे प्रथिन वार ओलांडून जवळजवळ जात नाही, म्हणजे ते बाळाच्या स्वतःच्या यकृताने तयार केलेले असते. आईच्या अंगातल्या दाहाची सावली आणि बाळाचा स्वतःचा प्रतिसाद, या दोहोंत फरक करायला अशा खुणा उपयोगी पडतात.

एका अभ्यासात एक रेणू, दुसऱ्यात दुसरा. कुठे वाढ, कुठे घट. हे पाहून काही वाचक म्हणतील, की मग यात तथ्य काय? मला हा विसंवादच सर्वांत बोलका वाटतो. त्याची काही कारणे तांत्रिक आहेत: कागद किती जुना, मोजणीचे संच कोणते, तुलनेचा गट कसा निवडला. काही कारणे बाळंतपणात आहेत. कळा, सिझेरियन, अकाली प्रसूती, जन्मानंतर किती तासांनी टाच टोचली, या सगळ्यांनी दाहाच्या खुणा वरखाली होतात. पण मोठे कारण वेगळेच असावे. आपण ज्याला एका नावाने ओळखतो ती स्वमग्नता एका वाटेने येत नाही. शेकडो जनुकांचा तिच्याशी संबंध आहे. २०१९ मध्ये पाच देशांतल्या सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींवरून अनुवंशाचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास असल्याचा अंदाज मांडला गेला. सायटोकाइनची पातळीही काही अंशी जनुकेच ठरवतात. तेव्हा काही मुलांमध्ये प्रतिकारयंत्रणा कारणाचा भाग असेल, काहींमध्ये ती त्याच जनुकांचा दुसरा परिणाम असेल, आणि काहींमध्ये तिचा काही संबंधच नसेल. सगळ्यांची सरासरी काढली की हे वेगळे धागे एकमेकांत मिसळून जातात. पुढचे संशोधन ते सुटे करण्याच्या दिशेने चालले आहे. नॉर्वेत गर्भारपणातले आईचे रक्त आणि जन्मवेळचे नाळेचे रक्त जोडीने तपासले जाते, ते त्यासाठीच.

पालकांच्या बैठकीत या विषयावर बोलले की एक प्रश्न हमखास येतो: ही चाचणी आपल्याकडे कधी येणार? त्याचे उत्तर आकडेमोडीने देणे बरे. समजा, उद्या कोणी अशी रक्तचाचणी आणली, जी पुढे स्वमग्न ठरणाऱ्या १०० बाळांपैकी ९० अचूक ओळखते आणि इतर १०० पैकी ९० बाळांना बरोबर वगळते. इतकी चांगली चाचणी आज अस्तित्वात नाही. पण धरून चालू. स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एक मानले, तर १० हजार बाळांत अशी १०० बाळे असतील. चाचणी त्यांतली ९० पकडेल. उरलेल्या ९,९०० पैकी ९९० बाळांवरही ती चुकून शिक्का मारेल. म्हणजे १,०८० घरांत धोक्याचा कागद जाईल आणि त्यांतल्या दर बारांपैकी अकरा घरांत तो खोटा असेल. त्या अकरा घरांत आई बाळाला पाजताना त्याचे डोळे आपल्याकडे वळतात की नाही हे तपासत बसेल. शिवाय खऱ्या १० मुलांच्या घरी सर्व ठीक असल्याचा निर्वाळा जाईल आणि पुढे लक्षणे दिसली तरी त्या कागदाच्या भरवशावर वेळ दवडला जाईल. म्हणून नवजाताच्या रक्तावरून स्वमग्नता सांगतो असे म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

दुसरी काळजी आईची. स्वमग्नतेच्या इतिहासात आईला फार सोसावे लागले आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन केले, त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही समजूत फोफावली. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तिला आणखी बळ दिले. ती समजूत साफ खोटी होती. पण तिच्या ओझ्याखाली आयांच्या पिढ्या वाकल्या. आता दाह, संसर्ग, ताप ही भाषा आली, की तोच आरोप नव्या शब्दांत परत येऊ शकतो: गरोदरपणी ताप आला होता ना, मग त्यामुळेच. नॉर्वेतल्या ९५ हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत दुसऱ्या तिमाहीत ताप आलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नतेची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसली. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण शंभरात एकावर ४० टक्के वाढ म्हणजे हजारात दहाच्या जागी चौदा. हजारांतल्या ९८६ मातांच्या बाबतीत तो ताप आला आणि गेला. गरोदरपणी ताप अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे, हा सल्ला पूर्वीही योग्य होता आणि आजही आहे. त्यापलीकडे, येऊन गेलेल्या तापाबद्दल कोणत्याही आईला जाब विचारायचा अधिकार या संशोधनाने कोणाला दिलेला नाही.

तिसरा मुद्दा लसींचा. १९९८ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर संशय उडवला. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी पाहून पुन्हा एकदा सिद्ध झाले, की या लसीने स्वमग्नता येत नाही. नवजाताच्या रक्ताचे संशोधन याच्या पुढचे पाऊल टाकते. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर टोचली जाते आणि ज्या खुणांबद्दल आपण बोलतो आहोत त्या दुसऱ्या दिवशीच्या रक्तात आहेत. आणि गर्भावस्थेतला रुबेला तर स्वमग्नतेचे ओळखलेले एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, तेव्हा ज्या मुलींनी दंड पुढे केला, त्यांनी आपल्या होणाऱ्या बाळांचेही रक्षण केले.

रक्ताच्या साठ्याला आणखी एक बाजू आहे, ती संमतीची. टेक्सास राज्यात पालकांना न विचारता डाग साठवले आणि संशोधनाला दिले, म्हणून २००९ मध्ये खटला झाला. अखेरीस ५० लाखांहून अधिक कागद नष्ट करावे लागले. ज्ञानाचे मोठे नुकसान झाले, पण चूक विश्वास गृहीत धरणाऱ्यांची होती. आपल्याकडे नवजात तपासणी अजून सर्वदूर पोचलेली नाही. गोव्याने २००८ मध्ये ती राज्यपातळीवर सुरू केली होती. उद्या असे साठे इथे उभे राहतील तेव्हा बाळंतिणीला तिच्या भाषेत, घाई न करता विचारण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.

आणि रक्ताची वाट न पाहता आज काय करता येते? बरेच काही. दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची एक मोठी भारतीय पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा ही तिची पाच ठिकाणे. तिच्यात स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळले. म्हणजे ही मुले आपल्या गावात, आपल्या अंगणवाडीत आहेत. गोव्यात संगाथ संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून ६५ मुलांवर केलेल्या चाचणीने २०१६ मध्ये दाखवले, की तज्ज्ञ नसलेले, पण नीट प्रशिक्षण घेतलेले आरोग्यकर्मी घरी जाऊन पालकांना मुलाच्या खेळात सामील व्हायला शिकवू शकतात आणि त्याने मुलाचा पुढाकार वाढतो. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातल्या विलंबाची तपासणी आहे आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हापातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्न व्यक्तींचे हक्क मान्य केले आहेत. हे सगळे पुरेसे नाही, पण हाताशी आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात प्रतिकारयंत्रणा आणि वाढता मेंदू, दुसऱ्यात रक्ताच्या डागांवरचे अभ्यास, तिसऱ्यात त्यांचे अर्थ आणि मर्यादा, चौथ्यात पालकांसाठी व आरोग्यसेवकांसाठी आजचे मार्ग. स्वमग्न प्रौढांचे म्हणणेही या चौथ्या भागात आहे. त्यांच्यापैकी अनेकजण विचारतात, की आमचा शोध आम्हाला टाळण्यासाठी चालला आहे की आम्हाला समजून घेण्यासाठी? संशोधकांनी आणि वाचकांनी या प्रश्नाला सामोरे जायला हवे. माझे उत्तर स्पष्ट आहे. या संशोधनाची किंमत ते मुलाचे आयुष्य सुकर करण्याच्या कामी किती येते, यावर ठरावी. पोटाच्या तक्रारी, झटके, झोप यांचा त्रास कोणत्या मुलाला का होतो आणि कोणता उपचार कोणाला लागू पडेल, हे जर या खुणांवरून कधी कळले, तर ते खरे यश.

तोवर आई-वडिलांना एकच सांगणे आहे. वर्षाचे होऊनही मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवून काही मागत-दाखवत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. घरातले कोणी म्हणेल, याचा बाबाही उशिराच बोलला होता. तरीही बालरोगतज्ज्ञांकडे जा, ऐकू येण्याची तपासणी करून घ्या, विकासाची चाचणी मागा. निदान पक्के होण्याआधीही मुलाशी बोलण्याचे, खेळण्याचे प्रशिक्षण सुरू करता येते, आणि काही निघाले नाही तरी त्यात काही वाया जात नाही. रक्ताच्या थेंबात काय दडले आहे ते संशोधक शोधत राहतील. मुलाच्या वागण्यात जे दिसते आहे, त्यावर मात्र आजच पाऊल उचलता येते.